पेन चालतंय, सही मिळणार नाही

"इथे सही करा," असं म्हणत कालिंदीने टॅब पुढे धरला आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्या पेनाने मान टाकली.

भोईवाड्यातल्या कृपासिंधू चाळीचा दुसरा मजला, खोली नंबर सतरा. ऑक्टोबरचं ऊन गॅलरीत घुसलेलं, कपाळावर घाम, खांद्यावर कंपनीची निळी बॅग आणि गळ्यात ओळखपत्र – कालिंदी वैती, सर्वेक्षण सहायक. चाळ पाडून टॉवर बांधायचा होता आणि त्यासाठी भाडेकरूंच्या संमतीच्या सह्या टॅबवर घ्यायचं काम तिच्याकडे होतं. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. आता मात्र दारातला तरुण पेन काचेवर फिरवत होता आणि रेघ म्हणून उमटत नव्हती.

"मॅडम, तुमचं पेन रुसलंय."

"जरा दाबून लिहा ना."

"दाबून?" तिने एखाद्याचा गळा दाबायला सांगावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. "अहो, ह्या पेनाला दाबायचं नसतं. टोक झिजतं, वर काचेला चरे पडतात. थांबा जरा."

त्याने पेन कानाशी नेऊन हळूच हलवलं. मग दोन बोटांत टोक धरून फिरवलं. एकदा, दोनदा, आणि अगदी अलगद अर्धा आटा अजून. कालिंदी त्या बोटांकडे बघत राहिली. नखांच्या कडेला रंग होता... लाल.

"सैल झालं होतं. बॅगेत टोक खाली करून टाकता ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बॅगेच्या तळाची सगळी धूळ इथे आलीय." ती फुंकर मारायला वाकली तसं त्याने पेन मागे घेतलं. "फुंकर नको. ओल आत जाते. कोरडं फडकं बस."

शर्टाच्या टोकाने त्याने पेन पुसलं आणि काचेवर एक लांब, वळणदार रेघ ओढली. कुठेही न तुटलेली. कालिंदीचा जीव भांड्यात पडला.

"झालं! आता सही."

"पेन चालतंय," पेन तिच्या तळहातावर ठेवत तो हसला. "सही मिळणार नाही."

"का?"

"ह्या पानाच्या वरची पानं दाखवा."

तिने बोट फिरवून पाहिलं. स्क्रीनवर फक्त शेवटचं पान येत होतं – नाव, खोली नंबर आणि सहीची चौकट. "सिस्टीममध्ये एवढंच उघडतं."

"मग सिस्टीमला सांगा, सतरा नंबरवाले वाचल्याशिवाय सही करत नाहीत."

आतून खाटेवरून एक खणखणीत म्हातारा आवाज आला, "वाचल्याशिवाय सही नाय!"

जिना उतरताना कालिंदी मनातल्या मनात त्याला "शहाणा" म्हणाली. खालपर्यंत तीनदा म्हणाली.

ऑफिसात कुडाळकर साहेबांनी यादी पाहिली आणि सतरा नंबरवर बोट ठेवलं. "ही आणायची. बाकी सगळे ऐकतात, हा एक अडून बसलाय. ही सही आली की तुझं काम पर्मनंट." कालिंदीला काम पर्मनंट हवं होतं. वरळी कोळीवाड्यातून रोज पहाटे तिची आई राधाबाई मासळी उचलून लालबागच्या बाजारात बसायची. दोन वर्षांपासून तिचे गुडघे दुखत होते. तिने बसणं थांबवावं, एवढ्यासाठी कालिंदी उन्हातान्हात जिने चढत होती.

म्हणून चार दिवसांनी ती पुन्हा सतरा नंबरच्या दारात होती. पेन पुन्हा बंद.

"ह्याचं लग्न दुसऱ्या टॅबशी लागलंय," त्याने निदान केलं. त्याचं नाव रामदास घाडी. दुकानांच्या पाट्या आणि मंडळांचे फलक तो आधी टॅबवर रेखाटायचा आणि मग ब्रश घेऊन रंगवायचा. घरात अशी तीन पेनं होती.

"आम्ही पाच मुली आहोत, पेनं तीनच," कालिंदी म्हणाली. "कुणीही कुणाचंही उचलतं."

"जुनी जोडणी पुसायची, नवी करायची. दोन मिनिटं." तो ब्लूटूथची यादी उघडत होता. "बसा ना. चहा होईल तोवर."

चहा रामदासच्या वडिलांनी केला. त्यांना सगळी चाळ अप्पा म्हणायची. कप हातात देताना त्यांनीच विषय काढला. "तुका राग आलो असतलो, सही दिली नाय म्हणून."

मग त्यांनी सांगितलं. बिनाघाईने, स्टोव्हसमोर उभं राहूनच. ब्याऐंशीच्या गिरणी संपात अप्पा सत्तावीस वर्षांचे होते, साचाखात्यात विणकर. दीड वर्षाने घरातले डबे रिकामे झाले तेव्हा ते मान खाली घालून गिरणीच्या दारात गेले. तिथे एका कारकुनाने कागद पुढे केला. इंग्रजीत होता. "हमीपत्र आहे, गडबड करणार नाही असं लिहिलंय, कर सही." अप्पांनी केली. तो राजीनामा होता.

"संपात हरलंय त्याचा काय वाटत नाय," अप्पा म्हणाले. "आमी सगळे एकत्र हरलो. पण ती सही मी एकट्यानं केलंय."

कालिंदीने कप विसळून ठेवला. त्या दिवशी तिने सहीचा विषय काढला नाही.

तिसऱ्या खेपेला दिवाळी आडवी आली होती. सुट्टीनंतर ड्रॉवरमधून काढलेलं पेन मेल्यासारखं थंड.

"दहा दिवस चार्ज केलं नाही?" रामदासने कपाळाला हात लावला. "वापरलं नाही तरी ह्याला मधूनमधून चार्ज द्यावा लागतो. पार उतरू दिलं तर एक दिवस उठतच नाही."

"आता उठेल?"

"अर्धा तास लावून बघू."

तो अर्धा तास दोघांनी गॅलरीत काढला. वाळत घातलेल्या साड्यांमधून वारा येत होता. खाली मुलं रबरी चेंडूने खेळत होती. तिच्या केसांची एक बट सारखी तोंडावर येत होती, ती मागे सारताना तिला जाणवायचं – तो बघतोय. आणि तिने बघितलं की तो पटकन चेंडूकडे बघायचा.

"तुम्हाला क्रिकेट आवडतं वाटतं," ती म्हणाली.

"अजिबात नाही."

ती हसली. पेन वीस मिनिटांतच जागं झालं होतं, ते दोघांनीही पाहिलं होतं. कुणीच उठलं नाही.

चौथ्या खेपेला रामदासने पेन हातात घेतलं, टोक निरखलं आणि तिच्याकडे बघून भुवई उचलली.

"हे सैल झालेलं नाही."

"मग?"

"सैल केलंय. जिन्यात उभं राहून."

कालिंदीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसरी कुणी असती तर तिने लाजून खाली बघितलं असतं. कालिंदीने हनुवटी वर केली. "हो, केलंय. मग? पोलिसात देणार?"

"नाही..." त्याने टोक घट्ट केलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच सावकाश. "टोक हरवलं तर नवं मिळायला आठ दिवस लागतात, म्हणून सांगतो. नुसती आलीस तरी चालेल."

आलीस. अहो-जाहो कुठल्या कुठे गळून पडलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

आणि मग त्याने नको तो प्रश्न विचारला. "तू स्वतः वाचलंयस ते?"

"माझं काम सह्या घ्यायचं आहे."

"तेच तो कारकूनही म्हणाला असता."

कालिंदीने बॅग उचलली आणि ताडताड जिना उतरली. तळमजल्यावर चार नंबरच्या शेवंताबाईंनी तिला हाक मारली, "काय गो, राधाबाईच्या पोरी, चाललीस? मी सही केली हां तुझ्या शब्दावर!" कालिंदी पायरीवरच थांबली. शेवंताबाई तिच्या आईचं गिऱ्हाईक. त्यांनी टॅबकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, हिच्या तोंडाकडे पाहून सही केली होती. अशा एकवीस सह्या तिने घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ऑफिसच्या कपाटातून कराराची छापील प्रत काढली. इंग्रजी कायदेशीर, अडखळत वाचावं लागलं. शब्द अडला की मोबाइलवर अर्थ पाहायचा, पुढे जायचं. चौदाव्या पानावर ती थांबली. तीनदा वाचलं. नवं घर त्याच जागेवर देण्याचं बंधन कंपनीवर नव्हतं. कंपनी ठरवेल त्या ठिकाणी, कंपनीच्या सोयीने. आणि सही करणारा ह्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क सोडत होता.

ती प्रत घेऊन ती कुडाळकर साहेबांच्या टेबलाशी गेली. "सर, हे लोकांना सांगितलंय का कुणी?"

साहेबांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "तुला सह्या घ्यायला ठेवलंय, वाचायला नाही."

"म्हणजे नाही सांगितलं."

"कालिंदी, पर्मनंट व्हायचंय ना?"

कालिंदीने प्रत उचलली. जागेवर आली आणि एकेका पानाचा टॅबवर फोटो काढला. सगळ्या पानांचा.

रविवारी दिवेलागणीला कृपासिंधू चाळीच्या अंगणात दोन खांबांमध्ये पांढरी चादर ताणली होती. कालिंदीचा निरोप मिळाल्यावर मंडळाचा मॅच दाखवायचा प्रोजेक्टर रामदासने टॅबला जोडून दिला होता. सतरंज्या भरल्या, गॅलऱ्या भरल्या. कालिंदी हातात पेन घेऊन उभी राहिली.

"तुमच्या सह्या मी घेतल्या," ती म्हणाली. "न वाचता घेतल्या. चूक माझी आहे. आता वाचून दाखवते. नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या."

एकेक ओळ ती मराठीत सांगू लागली आणि सांगताना पेनाने त्या ओळीखाली लाल रेघ ओढू लागली. चादरीवर ती रेघ हातभर लांब दिसायची. चौदावं पान आलं. तिचा तळहात घामाने चिंब. रेघ नाचायला लागली, मध्येच तुटायला लागली, भलतीकडे ठिपके उमटायला लागले. गर्दीत चुळबूळ झाली.

रामदास पुढे आला. त्याने तिच्या हातातून टॅब घेतला, काच कोरडी पुसली, पेन पुसलं, आणि मग तिचा तळहात उघडून तोही पुसला. सगळ्या चाळीदेखत. "घामाने काच गोंधळते," तो हळू म्हणाला. "तू नाही गोंधळायचं. वाच."

तिने वाचलं. "कंपनी ठरवेल त्या ठिकाणी" ह्या शब्दांखाली तिने रेघ ओढली ती सरळ, जाड, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

कुणीतरी फोन केला असावा. कुडाळकर साहेब तरातरा अंगणात शिरले. "टॅब कंपनीचा आहे! बंद कर ते!"

"देते. चार पानं राहिलीत."

"आत्ता दे म्हणतो!"

अप्पा काठी टेकत उठले आणि साहेबांच्या आणि तिच्या मध्ये खुर्ची टाकून बसले. "बसा साहेब. तुमीपण ऐका. तुमी तरी खंय वाचलास?" त्यांच्या मागे शेवंताबाई येऊन उभ्या राहिल्या. मग पहिला मजला खाली उतरला. साहेब उभेच राहिले.

चार पानं संपल्यावर कालिंदीने टॅब मिटला, पेन त्याच्या खाचेत बसवलं आणि दोन्ही साहेबांच्या हातात दिलं. "पेन चार्जिंगला लावा. नीट वापरलं तर चांगलं आहे ते."

"उद्यापासून येऊ नकोस."

"येणार नाहीच. उद्या मी इथे बसणार आहे, संमती मागे घ्यायची पत्रं लिहायला."

पत्रं लिहिली गेली. साध्या कागदावर, मराठीत, एकवीस. कंपनीला करार नव्याने करावा लागला, आणि त्यात पहिल्याच पानावर "ह्याच जागेवर" हे शब्द आले. त्याला पाच महिने लागले. पण ते नंतरचं.

आधी राधाबाई. तिने लेकीशी बोलणंच टाकलं होतं. नोकरी गेली, कालिंदी बाजारात आईशेजारी बसायला लागली, आणि वर मावशीने स्थळ आणलं – हरेश्वर नाखव्याचा मुलगा, स्वतःची होडी. आठवड्याभराने सकाळी, ऐन गर्दीत, राधाबाईचा बांध फुटला.

"त्या चाळवाल्यांसाठी नोकरी घालवलीस! ते आपले कोण गो? होडीवाला पोरगा सांगून आलाय, तर त्याला नको म्हणतेस. का नको? काय कमी आहे त्याच्यात?"

"काही कमी नाही, आये." कालिंदी कोलंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पण मी रामदास घाडीशी लग्न करणार आहे."

शेजारच्या चार कोळणींचे कोयते थांबले.

"कोण रामदास?"

"मी," समोरून आवाज आला.

हातात कापडी पिशवी घेऊन रामदास उभा होता. अप्पांनी बांगडे आणायला धाडलं होतं. कान लालबुंद झालेले, तोंडावर हसू मावत नव्हतं.

"मला कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

"तू कधी विचारणार होतास?"

"येत्या रविवारी... म्हणजे... वाक्य जुळवत होतो."

"रविवारपर्यंत होडीवाल्याला होकार गेला असता," कालिंदी म्हणाली. "आता सांग. इथेच. हो की नाही?"

"हो," रामदास म्हणाला. मग बाजाराला ऐकू जावं म्हणून पुन्हा, मोठ्याने, "हो!"

राधाबाई त्याला आपादमस्तक न्याहाळत होती. "ए, माझ्याकडे बघ. ही पोरगी हट्टी आहे. एकदा बोलली की मागे फिरत नाय. कळतंय तुला, कशात पडतोयस ते?"

"कळतंय. त्याच्यासाठीच पडतोय."

"जातीतला नाय, घरी होडी नाय..." राधाबाई पुटपुटली आणि पाटीतले सहा ताजे बांगडे निवडून त्याच्या पिशवीत टाकले. "संध्याकाळी बापाला घेऊन कोळीवाड्यात ये. मी अजून हो म्हटलेलं नाय, सांगून ठेवते. मला त्याच्याशी बोलायचंय."

"बोल की," कालिंदी म्हणाली. "तू नाही म्हणालीस तरी मी ह्याच्याशीच करणार. पण तू हो म्हणालीस तर मला बरं वाटेल, आये."

राधाबाईने कोयता उचलला, गिऱ्हाइकाला भाव सांगितला आणि पदराने डोळे टिपले.

कालिंदी उठली. हाताला खवले चिकटलेले, बोटं बर्फाने गार. अख्खा बाजार बघत होता. तिने तसाच हात पुढे केला आणि रामदासचा हात धरला. घट्ट.

"ओला आहे," ती म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला.