धाकटीसाठी

विश्वास ठेवा अथवा नका ठेवू, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही भरदुपारी, तीनच्या सुमारास, तिच्या स्वतःच्या दुकानात.

मावशी कॉम्प्युटर दुरुस्त करते. एकटीच. ते दुकान टाकण्यावरूनच आजोबांचं आणि तिचं बिनसलं. दोन वर्षं अबोला होता. त्यातच आजोबा दवाखान्यात पडले. तेव्हा माझ्या आईनं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीनं, तिला फोनवर सांगितलं होतं...

"येऊ नकोस गं. बाबा तुझं नावसुद्धा काढू देत नाहीत."

मावशी गेली नाही.

आठ दिवसांत आजोबा गेले.

पुढे वर्षभराने आईने आजोबांचा कॉम्प्युटर तिच्याकडे पाठवला. "फार रखडतोय. नवी एसएसडी डिस्क बसव. आणि तो डीव्हीडी ड्राइव्ह टाक काढून, आता कोण लावतंय सीड्या!"

मावशीनं कॅबिनेट उघडलं. धूळ झटकली. ड्राइव्हच्या दोन्ही वायरी काढल्या, चार स्क्रू काढले आणि तो बाहेर ओढला. सवयीप्रमाणे पेपरक्लिप सरळ करून पुढच्या बारीक भोकात खुपसली. ट्रे बाहेर आला.

रिकामा.

तिनं तो बंद करून टेबलाच्या कडेला ठेवला. एसएसडी बसवली आणि जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर कॉपी करायला लावलं.

अर्धा तास तरी लागणार होता. ती चहा ओतायला वळली.

आणि मागून आवाज आला...

घर्रर्र...

आत सीडी फिरायला लागली की येतो ना, तसा.

तिला वाटलं, कॅबिनेटचा पंखा असेल. तिनं पंख्यावर बोट धरलं. पंखा थांबला.

आवाज थांबला नाही.

टेबलाच्या कडेचा ड्राइव्ह थरथरत होता. त्याला एकही वायर नव्हती...

मग सगळं शांत झालं.

आणि ट्रे आपोआप बाहेर आला.

त्यात सीडी होती. वर मार्करनं लिहिलेलं... 'धाकटीसाठी'. अक्षर आजोबांचं.

 मावशीनं ती दुकानातल्या दुसऱ्या मशीनला लावली. आधी नुसता धाप लागल्याचा आवाज आला. मग आजोबा बोलले.

"धाकटे... किती निरोप धाडले गं. एकदा तरी ये. थोरली म्हणते, तू नाहीच म्हणालीस..."

त्यामागून माझ्या आईचा आवाज. अगदी स्पष्ट.

"झोपा बाबा. ती नाही यायची."

बस्स. तिनं पुन्हा लावली, तर मशीन म्हणालं, डिस्क कोरी आहे.

मावशीनं लगेच आईला फोन लावला. आईचे हात कामात होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. मी समोरच बसले होते.

"ताई, बाबा मला बोलवत होते?"

आईनं हातातलं काम थांबवलं.

"सख्खी बहीण ना गं तू माझी? बाबांना मी नकोशी झाले, असं समजून मी वर्षभर जगले!" मावशी रडत रडत सीडीवरचं सगळं बोलली. शब्द न् शब्द.

 त्यावर आई काय म्हणाली, ते मी विसरू शकत नाही.

"पण... हे आम्ही दवाखान्यात बोललो होतो. तिथे कॉम्प्युटर कुठे होता?"

मावशीनं फोन ठेवला. त्यानंतर ती आमच्या घरी आलेली नाही.

आणि खरं सांगायचं, तर त्या दिवशी दवाखान्याच्या खोलीत दाराशी मीही उभी होते. सगळं ऐकत. मीसुद्धा मावशीला काहीच कळवलं नाही.

त्या सीडीवर आणखी कुणाचा श्वास ऐकू येत होता का... हे तिला विचारायची माझी अजून हिंमत होत नाही.