बोलत राहा

आमचं वर्कशॉप खाली आणि घर वर. मधे अकरा लाकडी पायऱ्या. सतरा महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि आम्ही त्यांचा पलंग खाली वर्कशॉपला लागून असलेल्या खोलीत आणला. त्यांचीही तीच इच्छा असणार असं आम्ही धरून चाललो. विचारायची सोयच उरली नव्हती.

बाबा पत्र्याचे कारागीर. जुन्या लष्करी विमानांचे सुटे भाग नीट करून संग्रहालयांना द्यायचे, हेच काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आता सगळं मीच बघते. ते चाकांच्या खुर्चीत बसून माझ्या हातांकडे बघत राहायचे. माझा घाव चुकला की घशातून आवाज काढायचे, "अं". पहिल्या चौदा महिन्यांत तेवढंच. आई त्यांना भरवायची, पुसायची, दिवसभर त्यांच्याशी बोलायची आणि उत्तराची वाट बघायची. बोलून झाल्यावर ती जरा थांबायची, ते मला बघवत नसे.

चौदाव्या महिन्यात माझ्याकडे एका संग्रहालयाकडून वैमानिकाचं आसन आलं होतं. एका लढाऊ विमानाचं. विमान कित्येक वर्षं एका तळ्याच्या गाळात होतं. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढली होती, पत्रे जोडणारे बरेच रिव्हेट सडले होते, पण थंड गाळात कापडी पट्टे मात्र आश्चर्य वाटावं इतके टिकले होते. चारही पट्टे मधल्या एका गोल कडीत अडकायचे. कडी फिरवून दाबली की चारही एकदम सुटायचे. ती मी उघडून, तेल देऊन साफ केली होती. बोटाने फिरायची.

शेवटचं काम होतं आसन वर-खाली करणाऱ्या स्प्रिंगचं. त्यासाठी कुणीतरी वर बसायला हवं होतं.

"यांनाच बसव," आई म्हणाली. "कामाला हातभार लावल्यासारखं तरी वाटेल त्यांना."

आम्ही दोघींनी त्यांना उचलून बसवलं. ते कलंडू नयेत म्हणून मी पट्टे लावले आणि कडी बंद केली. वाकून स्प्रिंगकडे बघतच होते, तेवढ्यात आसनातून आवाज आला.

"डावा पट्टा सैल आहे."

आईच्या हातातला कप पडून फुटला.

"अहो!" ती म्हणाली. "अहो, परत बोला. काहीतरी बोला!"

बाबा समोर भिंतीकडे बघत होते. मी डावा पट्टा चाचपला. खरंच सैल होता.

खाली उतरवल्यावर ते पुन्हा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने स्वतःच विषय काढला. पुन्हा बसवलं, कडी लावली. पाचेक मिनिटं गेली.

"कोण आहे? पुन्हा सांगा. आवाज तुटतोय."

"मी आहे हो! मी!" आई जवळजवळ ओरडलीच.

"आता येतंय ऐकू. बोलत राहा."

आणि आई बोलत राहिली. शेजारणीचं भांडण, मावशीच्या सुनेचं बाळंतपण, वरच्या नळाची गळती. मधेमधे ते विचारायचे, "आहात ना?" आणि आई म्हणायची, "आहे ना, कुठे जाणार मी?" ती हसत होती. तिचं हसणं मी विसरले होते. त्यांनी तिला जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. तिच्या आलं की नाही, कोण जाणे.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं कधीकधी. बसण्याची पद्धत बदलली, छातीला आधार मिळाला की अडकलेले शब्द सुटतात. मला पटलं. पटायलाच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना उतरवताना मोजे ओले लागले. कपडे बदलायची वेळ झाली असेल असं वाटून मी मोजे काढले. लघवीचा वास नव्हता. पाय बर्फासारखे गार होते, आणि बोटांच्या बेचक्यांत राखाडी, मऊ गाळ होता.

मी छत पाहिलं, पाइप पाहिले, आसनाखाली हात फिरवला. सगळं कोरडं ठणठणीत.

चौथ्या दिवशी पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. पाचव्या दिवशी मांड्यांपर्यंत. बोलणंही बदलत चाललं होतं. "पाणी दिसतंय," ते म्हणाले. मग बराच वेळाने, "काच सरकत नाहीये." आई त्यांचा हात धरून सांगत होती, "सरकेल हो. घाबरू नका. मी आहे ना."

त्या संध्याकाळी मी तिला वर नेलं आणि म्हटलं, "आई, पुरे आता. उद्या नाही बसवायचं."

"का?"

"त्यांचे कपडे बघितलेस?"

"वाळतात गं कपडे." ती उशांना अभ्रे घालत होती, माझ्याकडे न बघता. "चौदा महिने मी भिंतीशी बोलले. तुला काय जातं सांगायला?"

"ते बाबा बोलत नाहीयेत, आई."

तिने अभ्रा तसाच हातात धरला. "आवाज त्यांचाच आहे ना?" म्हणाली. "मग?"

मी संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना फोन करून सांगितलं, आसन तयार आहे, लगेच न्या. परवा सकाळी गाडी पाठवतो म्हणाले. मी फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती. 

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी बोल्ट आणायला गेले. परत आले तेव्हा साडेतीन वाजले होते, आणि वर्कशॉपचं शटर खाली होतं. दुपारी आम्ही ते कधी ओढत नाही.

शटर वर ढकललं.

तिने त्यांना एकटीने कसं चढवलं, ते मला आजही कळलेलं नाही. चाकांची खुर्ची आडवी पडली होती, शेजारी एक फळी. बाबा आसनात होते. शर्ट छातीपर्यंत अंगाला चिकटलेला. जमीन कोरडी होती. आई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी कडीशी झटत होती. तिच्या दोन नखांतून रक्त येत होतं.

"सुटत नाहीये," ती म्हणाली. "अगं, सुटत नाहीये ही!"

मी तिला बाजूला केलं. कडी फिरवली. जागची हलली नाही. आदल्या दिवशी बोटाने फिरणारी कडी. पक्कड लावली, पक्कड घसरली.

बाबांनी हनुवटी वर उचलली होती. मान ताणून, तोंड छताकडे करून ते उथळ श्वास घेत होते. मी बघत असताना कॉलर ओली झाली.

"बोलत राहा," ते म्हणाले.

 आई नुसती "आहे, आहे, मी आहे" म्हणत राहिली.

मी पत्रा कापायची मोठी कात्री घेतली. मूळ पट्टे. त्यांना धक्का लावायचा नाही, असं संग्रहालयाला लिहून दिलं होतं मी.

पहिला कापला.

दुसरा.

ओल त्यांच्या ओठांवरून वर गेली. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

तिसरा पट्टा कात्रीत अडकला. मी सगळं वजन टाकलं.

चौथा कापला तेव्हा ते हलत नव्हते.

आम्ही त्यांना ओढून जमिनीवर घेतलं, कुशीवर वळवलं. मी पाठीत थापा मारल्या. एकदा, दोनदा, दहादा. मग त्यांच्या तोंडातून गार, गढूळ पाणी आलं. खूप आलं. ते खोकले.

आणि त्याच क्षणी माझ्या मागून, रिकाम्या आसनाकडून, कुणीतरी म्हणालं, "अं".

मी वळले. कुणी नव्हतं. शटर वाऱ्याने करकरलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबांनी डोळे उघडले. उजवा हात टेकून उठून बसले. उजवा. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"तुम्ही बाहेर काढलंत मला," ते म्हणाले. "फार उपकार झाले."

आईने त्यांना मिठी मारली. ते अवघडून बसून राहिले.

सकाळी गाडी आली. कापलेल्या पट्ट्यांबद्दल मी काहीबाही कारण सांगितलं. दोन माणसांनी आसन उचललं तेव्हा एकजण म्हणाला, "दिसतं त्यापेक्षा जड आहे हो."  मला ते घराबाहेर हवं होतं, त्यापुढचा विचारच केला नव्हता. तो विचार, रिकाम्या आसनाकडून आलेल्या त्या 'अं'चा, पाचव्या-सहाव्या दिवशी आला, आणि तेव्हापासून मी नीट झोपलेले नाही. दोनदा जाऊन विनवण्या केल्या की आसन मला परत द्या, राहिलेलं काम करून देते. व्यवस्थापक भला माणूस आहे. पण आसन विमानात बसवून झालंय, म्हणाले, वरून काचही बंद केली आहे.

याला आता तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, अशी प्रगती क्वचित दिसते. माणसं ओळखायला वेळ लागेल, धीर धरा. ते चालतात, स्वतःच्या हाताने जेवतात, ताट उचलून ठेवतात. वर्कशॉपमध्ये येतात तेव्हा माझी अवजारं लांबून बघतात, हात लावत नाहीत. मी मुद्दाम घाव चुकवून पाहिला. ते अदबीने म्हणाले, "छान काम करता तुम्ही."

आई आता केस नीट विंचरते. दुपारभर त्यांच्याजवळ बसून बोलते, आणि तिला उत्तरं मिळतात. रोज निजायच्या आधी ते तिला एकच गोष्ट विचारतात, की मला घरी कधी पाठवणार? घरचे वाट बघत असतील.

"रस्ता बंद आहे हो अजून," आई म्हणते. "सुरू झाला की लगेच."

मग ती त्यांचं पांघरूण सारखं करते, दिवा मालवते, आणि बाहेर येऊन खोलीच्या दाराला कडी लावते.