तीन बाणांचे दगड

“चोर! जिव्या चोर, त्याची कार्टीही चोर!” उमरोळीच्या खाणीत मारुती मुकादम खच्चून ओरडत होता.

नवसीच्या अंगाचा नुसता भडका उडाला. पहारा करणारा तिचा बा चोर? पण तपासणीसाठी पांढरे बाण काढलेले तीन दगड पहाऱ्यातून गेले होते खरे! ‘संध्याकाळपर्यंत मिळाले नाहीत तर काम सुटलं,’ असं मुकादमाने जिव्याला बजावलं होतं.

“दगडच ना ते? दुसरे घ्या!” उषा म्हणाली. ती नवसीच्या वर्गातली, बोईसरच्या कॉलनीतली. सुट्टीत दोघींचा तळ खाणीवरच असायचा.

“कुठले घेऊ? तो कडा काल सुरुंगाने उडवला!” आनंदीताई कडाडल्या. त्या दगड तपासायला मुंबईहून आल्या होत्या. “लाव्हा थंड झाला तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व किती जोरदार होतं, त्याची खूण दगडात राहते. मी ती मोजते. पण कुणी दगड विस्तवावर तापवला, की खूण पुसली!”

विस्तव? नवसीने मुकादमाच्या खोलीमागे पाहिलं. भिंतीला टेकून नवी चूल! परवा तर नव्हती.

“चुलीच्या दगडांना एवढा जाड मातीचा लेप कोण लावतं गं?” ती उषाला कुजबुजली. “बाण झाकलेत!”

“तिकडे फिरकलात तर तंगडी तोडीन!” मुकादम खेकसला.

उषाने डोळे मोठ्ठे केले. “नाही हो काका! पण ताईंनी दगडांना औषध चोळलंय. त्यांच्यावर शिजवलेलं खाल्लं की पोट टम्म फुगतं म्हणे!”

मुकादमाचा हात पोटावर गेला. “अगं आई गं! काल अख्खी कोंबडी खाल्ली मी!”

“कुठल्या दगडांवरची, काका?”

मुकादमाने जीभ चावली, पण उशीर झाला होता. ताईंनी हातोडीने लेप फोडला. एक बाण, दुसरा बाण! दोन्ही दगड भाजून निघालेले. ताईंचा चेहराच पडला.

“तिसरा कुठाय?” नवसीने आजूबाजूला पाहिलं. पाण्याचं मडकं उचललं, तर खाली गार, ओला दगड आणि त्यावर बाण!

“शाबास, पोरींनो! हा वाचला! यावर काम होईल माझं!” ताईंनी दोघींना जवळ घेतलं. “आणि मुकादम, मालकांना सगळं सांगणार आहे मी.”

“पोर माझी हाय!” जिव्या म्हणाला.

मुकादम ओशाळं हसला. “रागात बोललो, पोरी. विसरून जा.”

“दगड तापवला की विसरतो,” नवसी फणकारली. “मी नाय विसरायची! आदी माज्या बाची माफी मागा!”

सगळ्या खाणीदेखत मुकादमाने जिव्यापुढे हात जोडले.