आजीच्या चांदीची बंदूक

तोरगुल बंदूक खांद्याला अडकवून निघाला तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं. आजोबांनी कानशीनं घासघासून घडवलेली बंदूक ती. लांबलचक नळी लाकडाला जखडणाऱ्या चांदीच्या पट्ट्या आजीच्या बांगड्या वितळवून केलेल्या. आजी वारली ती रिकाम्या, नुसत्या मेंदीच्या हातांनी. आज ती मीरदादच्या पायाशी ठेवायची आणि माफी मागायची. तोरगुलच्या बापानं मीरदादचा भाऊ मारला होता. बाप तर गेला, वैर राहिलं, आणि आता पाळी होती तोरगुलची, त्याच्यामागून त्याच्या एकुलत्या एका पोराची, झरकची.

दारात शरण आलेल्याला मीरदाद हात लावणार नव्हता. पण त्या दारापर्यंत जिवंत पोचायला हवं ना! वाटेत खिंड होती.

"मी येते सोबत," बायको, पलवशा, म्हणाली होती. "बाई पुढं असली की कुणी गोळी घालत नाही."

"बायकोच्या आडून जाऊ? गाव थुंकेल तोंडावर."

"थुंकू दे की! थुंकीनं कोण मेलंय?"

पण ऐकेल तो तोरगुल कसला!

खिंडीत शिरला आणि वारा पडला. वर कड्यावर एक दगड घरंगळला, मग... खट्. बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज.

तेवढ्यात त्याच्या पुढ्यात बांगड्या किणकिणल्या.

समोर कुणीच नव्हतं. ओल्या मेंदीचा वास मात्र आला, आणि किणकिण पुढं चालू लागली.

"क... कोण आहे?"

अंगावर सर्रकन काटा आला. पळावं तर पाय उचलेनात, थांबावं तर वर बंदूक रोखलेली. घामानं निथळत तो त्या आवाजामागून चालत राहिला.

मीरदादच्या उंबऱ्यावर त्यानं बंदूक ठेवली, पगडी काढून गुडघे टेकले. म्हाताऱ्या मीरदादनं तोरगुलला खांद्याला धरून उठवलं.

"झरक आता माझाही पोरगा. रडतोस काय वेड्या? चहा घे."

तोरगुलला हुंदका आवरेना. पोर वाचलं होतं! इतका गोड चहा त्यानं जन्मात प्यायला नव्हता.

इतक्यात मीरदादचा पुतण्या कड्यावरून उतरून आला. "नशीबवान आहेस बाबा! नेम धरला होता मी. पण तुझी म्हातारी पुढं चालत होती. बाईमाणसावर गोळी कशी झाडू?"

"म्हातारी?..." तोरगुलचा पेला ओठाशीच थांबला. "मी एकटाच आलोय."

पडद्याआडून मीरदादची बायको म्हणाली, "अहो, आत बसली होती की आमच्यात. चहा नको म्हणाली. आपलं होतं ते परत घेतलंय, आता निघते म्हणाली. दोन्ही हात चांदीच्या बांगड्यांनी भरलेले हो!"

तोरगुलनं हळूच उंबऱ्याकडं पाहिलं. बंदुकीवर एकही पट्टी नव्हती. नळी लाकडावर नुसती टेकलेली होती, आणि पट्ट्यांच्या जागी लाकूड कोरं, पांढरं दिसत होतं.