पंधरावी जागा

"आर्डिस, ये ना गं इकडे! चौदाजण आहोत आम्ही... एका माणसावाचून अडलंय!"

शाळेच्या व्यायामशाळेच्या पलीकडच्या कोपऱ्यातून लव्हॉन हात हलवत होती... तीस वर्षांपासूनची जिवाभावाची मैत्रीण! आणि आर्डिस बास्केटबॉलच्या जाळीखाली एकटी उभी होती. पाय पुढे पडायला अधीर झाले होते, पण काळजावर दगड ठेवून तिनं मान हलवली... नाही! लव्हॉनचा हात हळूहळू खाली आला.

आम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली माणसं राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवतो तो असा, चारचौघांत उभं राहून. चिठ्ठी नाही, पडदा नाही. ज्याला जो उमेदवार हवा, त्यानं त्याच्या कोपऱ्यात जायचं आणि मग डोकी मोजायची. शेकडा पंधरा माणसं नसतील तो गट मोडतो. मग मोडलेल्यांना आपल्याकडे ओढायला बाकीचे गट धावत येतात, मनधरणी करतात, आणि त्यासाठी अर्धा तास मिळतो.

त्या संध्याकाळी सत्त्याण्णव माणसं आली होती. सिनेटरच्या कोपऱ्यात एक्केचाळीस, राज्यपालबाईंच्या कोपऱ्यात एक्केचाळीस, महापौरबाईंसाठी लव्हॉनचे चौदा. गट टिकायला पंधरा लागत होते. आणि 'अजून ठरलेलं नाही' अशा पाटीखाली आर्डिस, एकटी.

सिनेटरच्या घोळक्यात निळी टोपी घालून तिचा मुलगा वेन्डेल उभा होता. समोरच्या भिंतीशी राज्यपालबाईंच्या घोळक्यात तिची मुलगी कोरीन. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत नव्हते, आणि आईकडेही नाही. नोव्हेंबरपासून हे असंच चाललं होतं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला दोघं घरी आली होती. मर्लच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मृत्यूनंतरचा तो पहिलाच सण! टर्की कापायची सुरी तिनं वेन्डेलच्या हाती दिली, आणि तेवढ्यात विषय निघाला. सिनेटरनं आपल्या सहायकाला शिव्या घातल्याची बातमी आली होती. कोरीन म्हणाली, "माज आहे तो!" वेन्डेल उसळला, "माज? तुझ्या राज्यपालबाईंनी मागं ड्रायव्हरला भर रस्त्यात उतरवलं, ते काय होतं मग?" कोरीन म्हणाली, "तो कणखरपणा! बाईमाणूस बोललं की तुम्हाला झोंबतं!"

आर्डिसला राहवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "अरे, दोघंही ओरडलेच ना? मग एकाचा तो माज आणि दुसऱ्याचा कणखरपणा, हे कसं?"

झालं! "तू पहिल्यापासून त्याचीच बाजू घेतेस," असं म्हणून कोरीन उठली. "तुला तीच लाडकी," असं म्हणत वेन्डेलनं सुरी टेबलावर आपटली. मायेपोटी बोलली, तर दोघांच्याही तोफा तिच्याच अंगावर! त्या आठवड्यात अख्खी टर्की तिनं एकटीनं खाल्ली.

त्यानंतर वेन्डेल फोनवर सांगायचा, "ती येणार असेल तर मी नाही येत." कोरीनही तेच म्हणायची. पुढे फोनसुद्धा थांबले. नाताळला आर्डिसनं तीन ताटल्या मांडल्या आणि संध्याकाळी दोन तशाच स्वच्छ कपाटात ठेवल्या. अंगणातला बर्फ ती स्वतः उपसायची, थांबत थांबत, छातीवर हात ठेवून.

"महापौरबाईंचा गट मोडला!" सभा चालवणारा बार्ट, गावातला औषधवाला, शिट्टी वाजवून ओरडला. "आर्डिसबाईंचाही! अर्धा तास आहे, करा सुरुवात!"

लव्हॉनचे चौदाजण पांगले. सात इकडे, सात तिकडे. अठ्ठेचाळीस आणि अठ्ठेचाळीस! सगळ्या व्यायामशाळेच्या नजरा जाळीखालच्या त्या एका म्हातारीकडे वळल्या.

...आणि वेन्डेल निघाला! त्याला बघून कोरीन धावतच आली. किती जवळ होती तिची पोरं! वेन्डेलच्या कानशिलावर पांढरे केस आलेले तिला पहिल्यांदाच दिसले.

"आई, हे बघ, शेतकऱ्यांसाठी आमच्या माणसानं..."

"आई, याचं ऐकू नकोस, यांचा माणूस एक नंबरचा ढोंगी!"

"आणि तुमची बाई? परवाच्या सभेत काय बोलली? तेच आमचा बोलला असता तर घर डोक्यावर घेतलं असतंस!"

"बर्फ कोण काढतं रे माझा?" आर्डिसनं हळूच विचारलं.

कोरीननं नजर जमिनीकडे वळवली, वेन्डेलनं टोपी पुढे ओढली.

"तीन महिने झाले. चार मैलांवर राहता दोघं. माझ्या दारी कुणाचे पाय वळले नाहीत... आणि आज एका मतासाठी व्यायामशाळा ओलांडून आलात!" तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बरं, ऐका. आपल्या उमेदवाराची एक चूक, फक्त एक, इथं सगळ्यांसमोर मोठ्यानं कबूल करेल त्याच्या मागं मी उभी राहीन. बोला!"

वेन्डेलनं मागं वळून आपल्या घोळक्याकडे पाहिलं. निळ्या टोप्या त्याच्याकडेच बघत होत्या. कोरीनचे ओठ हलले, पण मागून कुणीतरी ओरडलं, "कोरीन, नमतं घेऊ नकोस!" आणि ते मिटले.

आर्डिस वाट बघत राहिली. घड्याळाचा काटा सरकत होता. एका शब्दाची तर भीक मागितली होती तिनं!

बार्टनं शिट्टी वाजवली. आर्डिसचं मत कुणाच्याच खात्यात गेलं नाही. बरोबरी झाली म्हणून नियमाप्रमाणे नाणं उडवलं, आणि सिनेटरचा छापा पडला. निळ्या टोप्यांनी जल्लोष केला. जाता जाता कुणीतरी बोललंच, "म्हातारीनं मत फुकट घालवलं."

माणसं गेली. लव्हॉन शेजारून गेली, पण थांबली नाही. दर वेळी शेवटी खुर्च्या मिटायचं काम आर्डिस आणि मर्ल करत. आज ती एकटीच खुर्च्या मिटू लागली.

"मी करते," मागून कोरीन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. दाराशी वेन्डेलही घुटमळत होता, टोपी हातात घेऊन. कोरीननं खुर्चीवरचा आईचा कोट उचलला, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला लावलेला एक हिरवा बिल्ला तिला दिसला. महापौरबाईंचा!

"आई... तू लव्हॉनकडची होतीस?" कोरीननं विचारलं. "त्यांना एकच माणूस कमी पडत होतं! तू गेली असतीस तर गट टिकला असता!"

"हो."

"मग गेली का नाहीस?" वेन्डेल पुढे झाला.

आर्डिसनं हातातली खुर्ची मिटली आणि भिंतीशी लावली.

"चाळीस वर्षं मर्ल सांगेल तिकडे उभी राहिले. या खेपेला पहिल्यांदा माझी मी निवडली होती," ती म्हणाली. "पण तिकडे गेले असते... तर तुम्ही माझ्याकडे आला असता का?"

कोरीननं तो कोट छातीशी घट्ट धरला आणि तिला हुंदका अनावर झाला. वेन्डेल त्या मिटलेल्या खुर्च्यांकडे बघत उभा होता. मान खाली घालूनच तो म्हणाला, "माजच होता तो, आई. आमच्या माणसाचा."

"आमच्या बाईंचाही," कोरीन पुटपुटली.

"आता सांगताय? वेळ संपली की!" आर्डिस रडता रडता हसली. "रविवारी जेवायला या. दोघंही."

रविवारी सकाळी अंगणात दोन फावडी चालली होती. "तिकडचा ढीग माझ्या बाजूला ढकलू नकोस," असं कोरीन ओरडत होती, आणि वेन्डेल मुद्दाम ढकलत होता. आर्डिसनं खिडकीतून डोळे भरून पाहिलं आणि चार ताटल्या मांडल्या. चौथी लव्हॉनसाठी होती. दोन दिवस आधी तिच्या दारात उभं राहून आर्डिसनं हात जोडून माफी मागितली होती आणि तिला जेवायला बोलावलं होतं. लव्हॉननं सगळं ऐकून घेतलं होतं आणि "बघते" म्हणून दार लावलं होतं.

दुपारचे दोन वाजेपर्यंत त्यांनी जेवण थांबवून ठेवलं. मग कोरीन उठली आणि न बोलता चौथी ताटली उचलायला गेली.

"राहू दे," आर्डिस म्हणाली, "असू दे तिथंच," आणि तिनं मुलांना वाढायला घेतलं.