पुढच्या मुक्कामाची खोली

मघाशी तुम्ही आईला विचारलंत, एवढं समुद्राजवळ राहून कधी किनाऱ्यानं फिरायला जात नाही का, आणि ती नुसती हसली. तुम्हाला ते हसणं साधं वाटलं असेल. वीज येईपर्यंत बसा. मेणबत्ती इकडे सरकवतो. आई मागच्या दारी आहे तोवर सांगून टाकतो.

माझे बाबा, दत्तात्रेय घरत, तरुणपणी इथल्याच मिठागरात कामाला होते. पुढे बंदर आलं, मिठागरं आटत गेली, तसे ते ट्रेलरवर चढले. त्यातूनच आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा उभा राहिला. बाबा गुजरातपासून मद्रासपर्यंत सगळीकडे फिरले, पण आईला घेऊन म्हणून कुठे गेले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर पाय सोडून बसायचे आणि तिला सांगायचे, "आपण एकदा किनाऱ्याकिनाऱ्यानं जाऊ, कृष्णा. पहिला मुक्काम मुरुडला. मग दिवेआगरला, सुपारीच्या वाडीत. शेवटचा हरिहरेश्वरला."

आई विचारायची, "कवा?"

"ठरवतो."

ठरवता ठरवता ते गेले. एका दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

त्यानंतर आई उंबऱ्याच्या आतच राहिली. लग्नाला नाही, देवाला नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर विनिता, माझी बायको, मला म्हणाली, "बाबांनी सांगितलेली सहल आपणच करू या. आई दुसऱ्या कशाला हो म्हणणार नाहीत, याला म्हणतील." आणि खरंच, आईनं लगेच मान डोलावली. कपाटातून नवी कोरी नऊवारी काढून तिनं उन्हात टाकली.

दिवाळीची गर्दी ओसरली की निघायचं ठरलं. मी मुरुडच्या एका घरगुती लॉजवर फोन केला. मालकाचं नाव हिरामण.

"घरत ना, उरनचे?" तो म्हणाला. "तुमची खोली ठेवलेली हाय. मानूस येऊन सांगून गेला."

मला वाटलं, विनितानं कुणाला तरी पाठवलं. दिवेआगरला क्रांती नावाच्या बाईंकडे फोन केला, तर तिथंही तेच. आईच्या गुडघ्यांसाठी खालची खोली, आमटीत तिखट कमी, सगळं सांगून झालं होतं. मी मनातल्या मनात विनिताचं कौतुक केलं आणि तिसरा फोन केलाच नाही. तिलाही गंमत करायची असेल तर करू दे, म्हणून विषयही काढला नाही.

सकाळी निघालो. पेण, अलिबाग, मग रेवदंड्याचा पूल. पुलावरून आईनं पहिल्यांदा खाडीपलीकडचा डोंगर पाहिला आणि म्हणाली, "इथनं पुढं मी कधी आलेली नाय." काशीदच्या सुरूंतून गाडी जात होती तेव्हा तिनं काच खाली घेतली. वारा तिच्या अंबाड्यातल्या अबोलीला लागत होता; बाबांनंतर तिनं पहिल्यांदाच फूल माळलं होतं. विनितानं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हटलं, बघ, आलं की नाही यश.

मुरुडला हिरामण अंगणात जाळं विणत बसला होता. खोली स्वच्छ, खिडकीतून जंजिरा दिसणारी. मी सहज म्हणालो, "कोणाला पाठवलं होतं आमच्याकडून? पोरगा होता का ऑफिसातला?"

"पोरगा कुठला? म्हातारा मानूस. उन्हाचा आला. बसा म्हटलं, बसला नाय. पानी दिलं, घेतलं नाय." त्यानं सुई थांबवली. "पायात काय नव्हतं. पोटऱ्यांपर्यंत मीठ वाळलेलं, पांढरं. मी विचारलं, मिठागरात हाव काय? तर व्हय म्हनाला."

मी हसलो. तो हसला नाही.

"हितं उभा होता," म्हणून त्यानं अंगणातली जागा दाखवली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर दोन पांढरे डाग होते, भाकरीवरचं पीठ उडावं तसे. "दोनदा सारवलं. परत वर येतंय."

मी खोलीत जाऊन विनिताला विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"मी कोणाला पाठवलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तूच सगळं..."

बाहेर ओट्यावर आई बसली होती. तिला हे कळू द्यायचं नाही, एवढंच आम्ही न बोलता ठरवलं. आमच्यावर कुणी खुन्नस धरून चेष्टा करतंय, धंद्यात असली माणसं असतात, असं मी विनिताला सांगितलं. तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली. पाणी शांत होतं, तवंगासारखं. दिघीचा किनारा जवळ येऊ लागला तशी आई कठड्याला धरून उभी राहिली आणि पदर सारखा करू लागली, कुणी घ्यायला येणार असल्यासारखी. मी तिच्या मागे उभा होतो. धक्क्यावर दोन-तीन माणसं होती, दोर पकडणारी. दुसरं कोणी नव्हतं. तरी आईनं मान किंचित हलवली. आपल्याकडे बायका गर्दीत नवऱ्याला ओळख देतात, तशी.

"कोण आहे, आई?"

"कोन नाय. ऊन लागलं डोल्यांवर."

बोर्लीच्या बाजारातून दिवेआगरला पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. क्रांतीची वाडी मोठी, पण वादळात अर्धी झोपलेली. नव्या सुपाऱ्या कमरेएवढ्या, आणि मधूनमधून जुन्या खोडांचे बुंधे. वारा पडलेला होता. पाटाचं पाणी तेवढं कुठंतरी आत चालल्याचा आवाज येत होता. आणि वास... खाडीकाठच्या खाजणातला चिखल उन्हात फुटतो तेव्हा येतो तो. लहानपणी बाबा घरी आले की आमच्या पडवीत तो वास यायचा. सुपारीच्या वाडीत त्याचं काय काम?

क्रांतीनं आईला खालची खोली दाखवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचे वडील फार काळजीचे आहेत हो. आजींसाठी उशी जाड नको, हेसुद्धा सांगून गेले."

"माझे वडील..."

"तेच ना? कपाळावर इथं जुनी खोक आहे."

बाबांच्या कपाळावर फावड्याची खोक होती.

"मी त्यांना म्हटलं, पुढं हरिहरेश्वरला माझ्या मामांकडे उतरा, अंबाजीमामांकडे," ती म्हणाली. "तर म्हणाले, तिथं झालंय माझं सांगून."

मी वाडीच्या टोकाला गेलो, जिथं जरा रेंज येत होती, आणि क्रांतीनं दिलेल्या नंबरवर फोन लावला. अंबाजी बोलका माणूस होता.

"हो हो, घरत. खोली तयार आहे. दोघांची."

"आम्ही तिघं आहोत."

"नाही, दोघांचीच म्हणाले ते. नवरा-बायको. मी विचारलं की मुलगा-सून? तर म्हणाले, ती सोडायला येतील. सोडून माघारी जातील."

"आणि परत कधी..." मी विचारलं. "परत कधी जाणार म्हणाले, ते दोघं?"



"ते काही बोलले नाहीत," अंबाजी म्हणाला.

मी परत फिरलो. सूर्य सुरूंच्या मागे गेला होता आणि वाडीत अंधार खालून वर चढत होता. पडवीत आई एकटी बसली होती, पाय खाली सोडून. समोर अंगणात बुंधा होता, एका तुटलेल्या सुपारीचा. ती त्याच्याकडे बघत हळू आवाजात बोलत होती. मी खांबाआड थांबलो.

"...नाय, दमले नाय मी. गाडीत बसूनच तर हाय." मग गप्प. ऐकतेय असं वाटावं इतका वेळ गप्प. मग लाजल्यासारखी हसली. "आता सांगताव व्हय? इतकी वर्सं नुसतं ठरवतो, ठरवतो..."

चिखलाचा वास एकदम दाट झाला. अंगणातली माती बुंध्याभोवती ओली होती. ती ओल बघता बघता पायरीकडे सरकली. मी डोळ्यांनी पाहिलं. पायरीचा दगड कडेनं काळा झाला आणि मग, जणू ऊन लागावं तसा, पांढरा वाळत गेला.

"बाबा," मी म्हणालो. कसं म्हणालो, ठाऊक नाही. "तिला इतक्यात नका..."

आईनं वळून पाहिलं. रागानं नाही. लहान मुलानं मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातल्यावर बघतात, तसं. वास एकदम गेला. पाटाचं पाणी पुन्हा ऐकू यायला लागलं.

सकाळी बोर्लीच्या फाट्यावर मी गाडी म्हसळ्याकडे, आतल्या रस्त्याला घातली. विनिता समोर बघत राहिली. तिला मी सगळं सांगितलं होतं.

"परेश, वाट चुकलास," मागून आई म्हणाली. "समुद्र तिकडं ऱ्हायला."

"घरी जाऊ या, आई."

"अरे, ते थांबलेत."

मी आरशात पाहिलं तर ती मागच्या काचेकडे वळून बसली होती. रडत नव्हती. तळवा उचलून कुणाला तरी खूण करत होती, थोडं थांबा, अशी. डोंगर आडवा आला तेव्हा तिनं हात खाली घेतला. घरी आल्यावर अबोलीचा सुकलेला गजरा तिनं देवापाशी ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. मला बरं वाटलं. वाटलं, टळलं.

ती आता घरभर हिंडते, खाते-पिते, तुमच्याशी बोलली तशी सगळ्यांशी बोलते. डॉक्टर म्हणतात, तब्येत उत्तम आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी मी गच्चीवर होतो. फोन वाजला. अंबाजी.

"घरत, तुम्ही आला नाहीत त्या वेळी," तो म्हणाला. "पण काही हरकत नाही. वडील आज येऊन गेले. त्यांनी नवी तारीख दिलीय. लिहून घेता?"

मी फोन बंद केला. नुसता बंद नाही, बंद करून खिशात घातला आणि वर हात दाबून धरला. गच्चीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आई खाली मागच्या दारी भांडी घासत होती. मी जिना उतरून आलो तेव्हा तिनं नळ बंद केला.

"कवाची म्हनले?" तिनं विचारलं.

"कोण, आई?"

ती माझ्याकडे बघून हसली. मघाशी तुमच्याकडे बघून हसली ना, तशीच.

"असू दे," ती म्हणाली. "मी विचारीन त्यांना."