ढवळ्या खिंडीतला छोटा दगड

सायकल काढायच्या आधी मी टायरची हवा बघते आणि पीहूचा श्वास. दोन्ही हात लावून. पीहू अडीच वर्षांची आहे, ठणठणीत आहे, तरी झोपेत तिच्या नाकापुढे बोट धरल्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडत नाही. प्रितम, माझा नवरा, हसतो. म्हणतो, "शिकलीस स्टॅटिस्टिक्स, आणि रोज तोच एक प्रयोग."

नोव्हेंबरातला रविवार होता. नारायणगावात आमचं कापडाचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. सासूबाई पहाटेच उठून माळ घेऊन बसल्या होत्या. मी हेल्मेट घालताना म्हणाल्या, "सूर्य बुडायच्या आत ये. नाहीतर तुझ्या सायकलीपायी मला उपास घडायचा." आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत.

"चारपर्यंत येते, मम्मी."

पीहू झाल्यापासूनची माझी ही पहिली मोठी फेरी. एकशे वीस किलोमीटर, नारायणगावातून निघून नारायणगावातच. ओतूरवरून गणेश खिंड चढून जुन्नर, तिथून आपटाळ्याच्या पुढे ढवळी खिंड, पलीकडे डिंभे, मग घोडेगाव आणि घर. गेलेल्या रस्त्याने परत यायचं नाही, हीच अशा फेरीतली मजा. गोल पुरा झाला पाहिजे.

गणेश खिंड सोपी गेली. आपटाळ्याच्या पुढे मात्र डोंगर अंगावर येतो. भात कापून उडव्या रचलेल्या, हवेत पेंढ्याचा गोडसर वास, आणि समोर ती काळी भिंत. इतकी उंच की रस्ता तिच्यातून जातो कुठून, हे शेवटपर्यंत कळत नाही. चढ सात किलोमीटरचा. शेवटच्या दोनात पुढचं चाक उठू बघतं. मी सीटवरून उठून, एकेक पॅडल मोजत वर आले. घाम डोळ्यांत होता. पुसला, आणि पाहतच राहिले.

खिंडीच्या दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे. पलीकडे धरणाचं पाणी, त्यापलीकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा, शेवटची तर आकाशाच्याच रंगाची. आवाज कसलाच नाही. एवढ्या मोठ्या जागेत आपला श्वास ऐकू आला की माणूस आपोआप हळू घेतो.

रस्त्याच्या कडेला दगडांचा ढीग होता, छातीएवढा उंच, खोलीएवढा रुंद. शेजारी एक म्हातारी काकड्या घेऊन बसली होती. नाव चिमाबाई, म्हणाली.

"एकलीच?"

"एकटीच."

"मालकानं गाडी इकली का काय, तुला सायकलवं धाडलं ते?" ती खोकत हसली आणि काकडी चिरून मीठ लावून दिली. "खा. मपल्या वावरातली हाये."

मपल्या म्हणजे माझ्या. डोंगराकडची बोली. आमच्या नारायणगावात असं कोणी म्हणत नाही.

"दगड ठेव एक," ती म्हणाली. "इथनं जाणारं समदं ठेवतंय. माघारी येताना आपला आपन उतरवायचा."

"मी या वाटेने परत नाही येणार. गोल फेरी आहे."

तिची सुरी थांबली. "गोल?" मग म्हणाली, "मोठ्या मान्साचं काय न्हाई. मोठं आपल्या पायानं घरी जातंय." तेवढ्यात एक जीप थांबली आणि ती पाटी उचलून तिकडे गेली.

मी एक दगड ठेवला. मग सहज, खरंच सहज, त्याच्यावर एक छोटा ठेवला, पीहूच्या नावाचा. मुठीएवढा, काळा, मधोमध पांढरी रेघ. फोटो काढला. आईपण आल्यापासून मी एकटीचे फोटो काढायचं विसरलेय.

उतार लागला तशी सायकल जड वाटली. मागच्या चाकात हवा कमी असेल म्हणून थांबले, दाबून पाहिलं. हवा ठीक होती. पुन्हा निघाले तर वळणावर सायकल थोडी उशिरा वळत होती, कोणी मागे बसल्यावर वळते तशी.

खाली भात झोडणाऱ्या बायकांतली एक ओरडली, "अगं, लेकराला टोपी तरी घाल. ऊन कसलंय."

मी मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. दुसऱ्या कुणाला म्हणाली असेल.

डिंभ्याला चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाल्याने, दादाभाऊ म्हणत होते त्याला, चहा ठेवला आणि शेजारी अर्धा कप दूध ठेवलं, बशीत ओतून गार केलेलं.

"हे कुणाला?"

त्याने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "चुकलं, ताई," म्हणाला. पण कप उचलला नाही. मला खोबरेल तेलाचा वास येत होता, पीहूला न्हाऊ घातल्यावर येतो तो, ऊन ऊन. निघताना कपात पाहिलं. तळाशी नुसती साय होती.

खिंड उतरताना गेलेली रेंज घोडेगावच्या अलीकडे परत आली आणि मोबाईल थांबेचना. प्रितमचे अकरा कॉल.

"पीहू उठत नाहीये." त्याचा आवाज सपाट होता. "खेळता खेळता आडवी झाली. डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, श्वास नीट, सगळं नीट. झोप आहे म्हणतात. अजून दोन तास बघू, नाहीतर पुण्याला नेऊ."

"कधीपासून?"

"सव्वाअकरा असतील. मी येतो तुला घ्यायला."

मी फोटो उघडला. त्यावर वेळ होती अकरा चौदा.

"नको," मी म्हणाले. "तिच्याजवळून हलू नकोस. मी परत खिंडीत जातेय."

"जागृती, घर तीस किलोमीटरवर आहे."

"माहीत आहे."

"निदान एखादी जीप कर."

त्याला काय सांगणार होते? सायकलवरून उतरून गाडीत बसले, तर मागचं ओझं माझ्याबरोबर येईल की रस्त्यातच राहील, हे मला ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवला आणि सायकल वळवली.

डिंभ्याच्या बाजूचा चढ मी कधी चढले नव्हते. तो लांब आहे. धरणाचं पाणी खाली खाली जात राहतं आणि कडा तेवढाच दूर राहतो. पायांत गोळे आले. पाणी संपलं. मी गाणं म्हणत होते, पीहूला झोपवताना म्हणते तेच, आणि पाठीच्या मधोमध, गाल टेकावा तेवढ्या जागेला, घाम येत नव्हता.

"जाऊ हं आपण," मी म्हणत होते. "आलंच."

खिंडीत पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. चिमाबाई नव्हती. काकडीच्या साली होत्या.

सायकलवरून उतरले, आणि सायकल एकदम हलकी झाली.

ढिगाची डिंभ्याकडची बाजू मी सकाळी पाहिलीच नव्हती. ती सगळी छोट्या दगडांची होती. मुठीएवढे, बोराएवढे. शेकडो असतील, हजारही. तिरप्या उन्हात प्रत्येकाची आपली वेगळी सावली पडली होती, आणि सगळ्या सावल्या माझ्या पायांपर्यंत येत होत्या.

एवढे डोंगर, एवढं आकाश, आणि सगळं गप्प. झोपलेल्या मुलांच्या खोलीत असावं तसं.

मी गुडघ्यांवर बसले. का बसले ते सांगता येणार नाही.

माझा मोठा दगड सापडला. त्याच्यावर काही नव्हतं. खाली पाच-सहा छोटे पडलेले.

"पीहू," मी म्हणाले.

ढीग हलला. एका जागी नाही, जागोजागी. दगड सरकल्याचा बारीक आवाज, इथून, तिथून, पार तळातून.

हाताला एक दगड ऊन लागला. मी तो उचलला. त्याच हाताने माझा मोठाही उचलून बाजूला केला. सूर्य समोर होता, डोळ्यांत पाणी होतं. रेघ पाहिली नाही.

फोन वाजला.

"उठली," प्रितम म्हणाला, आणि रडायला लागला.

तो गाडी घेऊन आला. घरी पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. सासूबाई जेवल्या नव्हत्या. पीहू त्यांच्या मांडीवर होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग शहाण्यासारखी माझ्या कडेवर आली.

दुसऱ्या दिवशी जर्सी धुताना खिशातून दगड काढला. धुतला. पुन्हा धुतला. फोटोशेजारी धरला. तो सगळा काळा होता.

तसं वेगळं काही नाही. पीहू जेवते, झोपते. भाताला नको म्हणायची, आता मागून घेते. प्रितमला बोलले तर तो म्हणाला, "तू खूप दमली होतीस." सासूबाईंनी मात्र परवा विचारलं, "हिला हे बोलणं कुणी शिकवलं? सरूबाईनं का?"

सरूबाई आमच्याकडे कामाला येते, इकडच्या सपाटीवरल्या लोणी गावची आहे. भांडी घासता घासता म्हणाली, "आमी न्हाई असं बोलत, बाई. ते पार डोंगराकडचं."

आज पुन्हा रविवार. पहाटे टायरची हवा पाहिली. दगड खिशात टाकला. रेघेचा दगड अजून वर आहे, एवढंच मी मनाशी म्हणत होते. तो आणायचा तर हा तिथे ठेवावा लागेल का, याचा विचार करत नव्हते. मग श्वास बघायला आत गेले.

ती जागी होती. अंथरुणात उठून बसलेली, दोन्ही पायांत चपला घातलेल्या, नीट, पट्टे लावून.

"मपली आय कवा येनार?" तिने विचारलं. रडून नाही. दुसऱ्याच्या घरी विचारावं तसं, हळूच.

तिने माझ्या खिशाकडे पाहिलं आणि कडेवर घे म्हणून हात वर केले.